ईबेवर जुनं चारिझार्ड घ्यायचंय, बोली किती लावू?

भुसावळ_जंक्शन | शुक्रवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी. टीव्हीवर पोकेमॉन पाहत मोठ्या झालेल्या पिढीतला मी. तेव्हा चिप्सच्या पुड्यातले टॅझो जमवले, पण खरी कार्डं कधी हाती लागली नाहीत. शाळेबाहेरच्या दुकानात मिळायची ती सगळी डुप्लिकेट. आता घराचे हप्ते आटोक्यात आलेत, तर एकच कार्ड घ्यायचं मनात आहे: बेस सेटचं (पहिल्या मालिकेचं) चारिझार्ड, तो आग ओकणारा ड्रॅगन, १९९९ चं इंग्रजी, नंबर ४/१०२. फर्स्ट एडिशन, म्हणजे पहिल्या छपाईचं, आपल्या आवाक्यातलं नाही. नंतरच्या छपाईचं साधं अनलिमिटेड चालेल, कोपरे थोडे घासलेले असले तरी हरकत नाही.

ईबेवर अमेरिकेतल्या एका विक्रेत्याचा लिलाव चालू आहे. बोली १४२ डॉलरवर आहे, भारतात पाठवायचे २५ डॉलर वेगळे. सोमवारी सकाळी साडेसहाला संपणार. मी आजवर ऑनलाइन लिलावात बोली लावलेली नाही. 'तुमची जास्तीत जास्त रक्कम टाका' असं तिथे येतं. ती टाकली की तेवढे सगळेच कापले जातात का? कस्टम किती लागतं? आणि फोटोवरून खरं-खोटं कसं ओळखायचं? घरी आकडा अजून सांगितलेला नाही, तेव्हा उत्तरं जरा सांभाळून द्या.

पाचकंदील | ९.२२

१४२ डॉलर म्हणजे बारा-तेरा हजार ना? पुठ्ठ्याच्या तुकड्याला? भो, एवढ्यात अख्ख्या गल्लीची भरीत पार्टी होते.

गोलाणीगल्ली | ९.३१

@पाचकंदील भाऊ, पार्टी ठरवा, आम्ही येऊ. पण ज्याची त्याची हौस. २०२२ मध्ये मिकी मँटल नावाच्या बेसबॉल खेळाडूचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड हेरिटेज या लिलावघरात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये गोदाम रिकामं करायला समुद्रात नेऊन बुडवली होती, असं त्या कंपनीचाच माणूस सांगायचा. दुर्मीळ झालं ते असं.

@भुसावळ_जंक्शन, फोटो किती आहेत? पाठीचा आहे का? खालच्या बारीक अक्षरांचा आहे का? ते नसतील तर विक्रेत्याला आत्ताच मेसेज टाक आणि माग. देत नसेल तर पुढे बोलूच नको.

अमळनेरकर_मास्तर | ९.५८

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते.

तुम्ही टाकलेली रक्कम कापली जात नाही. ती तुमची कमाल मर्यादा असते आणि ईबे ती गुपित ठेवतं. समजा तुम्ही ३०० टाकले आणि दुसऱ्या कोणाची मर्यादा २१० आहे. तर भाव दिसेल २१२ डॉलर ५० सेंट, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या एक पायरी वर. १०० ते २५० डॉलरच्या पट्ट्यात ही पायरी अडीच डॉलरची असते, वर गेलं की मोठी होत जाते. म्हणजे जिंकणारा स्वतःच्या आकड्याने नाही, हरणाऱ्याच्या आकड्याने पैसे देतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये याच जातीच्या लिलावाचं गणित मांडलं होतं. १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं ते अशाच कामासाठी.

यातून निघणारी गोष्ट साधी. कार्ड तुमच्या लेखी जेवढ्याचं आहे तेवढा आकडा एकदाच टाकायचा आणि हात काढून घ्यायचा. पाच-पाच डॉलरने वर चढत जाणारा माणूस समोरच्याची मर्यादा तेवढी चाचपत बसतो, आणि त्या नादात स्वतःची विसरतो.

मग लोक शेवटच्या दहा सेकंदांत का तुटून पडतात? कारण ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये यावर अभ्यास छापला. तेव्हा ॲमेझॉनवरही लिलाव चालायचे, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त सापडली. उशिरा बोली लावण्याचा खरा फायदा एवढाच, की हौशी लोकांना पाहून चेव चढायला वेळ उरत नाही.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेतले बरेच विक्रेते लिलाव रविवारी संध्याकाळी संपवतात, तेव्हा तिकडे माणसं घरी असतात. कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले सोमवारचे सकाळचे साडेसहा. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हा साडेसात.

पाचकंदील | १०.०५

मास्तर, हे असं शाळेत शिकवलं असतं तर गणितात पास झालो असतो.

सराफकट्टा | १०.४०

जळगावच्या सराफ बाजारात बसतो. कार्डांचा नाद जुना आहे, आणि दहापट भिंग टेबलावर असतंच, म्हणून ओळखीचं सांगतो.

खऱ्या कार्डाची छपाई भिंगाखाली धरली की रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची फुलं दिसतात, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग, धारदार. नकली कार्ड बहुतेक वेळा खऱ्याचं स्कॅन करून छापलेलं असतं, त्यामुळे त्याची काळी अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसतात, कडा धुरकट. 'पोकेमॉन' या इंग्रजी शब्दातल्या 'ई'वरची तिरकी मात्रा नकली कार्डावर कित्येकदा गायबच असते. दुसरी गोष्ट, खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये गडद थर असतो. मोबाइलची टॉर्च मागून धरली तर नकलीतून उजेड आरपार येतो, खऱ्यातून फार कमी. कार्ड आडवं धरून कडेचा जवळून फोटो मागवा, गडद रेघ दिसायला हवी.

पण मला नकलीपेक्षा जास्त भीती वाटते ती खऱ्या पण भलत्याच कार्डाची. चारिझार्ड कितीदा छापलंय! ४/१३० दिसलं तर ते बेस सेट २. ११/१०८ असेल तर २०१६ चं इव्होल्यूशन्स, चित्र तेच, दिसायला भावंडंच. आणि २०२१ च्या सेलिब्रेशन्समध्ये तर नंबरसुद्धा ४/१०२ च ठेवलाय, फक्त चित्रात पंचविसाव्या वर्षाचा छोटा शिक्का आहे. फोटोत तिथे चकाकी आली, की घेणारा फसला. कोणी खोटं बोललेलं नसतं, नंबर तर खराच असतो.

चित्राची चौकट पाहा. उजवीकडे आणि खाली सावली असेल तर अनलिमिटेड, सावली नसेल तर शॅडोलेस, ते महाग. खालच्या ओळीत सालं असतात: अनलिमिटेडवर निन्टेंडो या कंपनीच्या नावाआधी १९९५, ९६, ९८. शॅडोलेसवर त्यात ९९ पण असतं. सावली आहे आणि सालात ९९ पण आहे, असं काही दिसलं तर मला टॅग करा.

मना_आंडोर | शनिवार, सकाळी ७.५०

मना आंडोर सातवीमा से. तो बी हाई कार्डं मांगस. आमना गावमा दुकानमा सोनेरी कार्डंस्नं पाकिट मियस, धा रुप्याले. ते खरं से का? तुमी लोके हजारोनी गोष्ट करी राह्यनात, मना तं जीव घाबरस.

गोलाणीगल्ली | ८.१५

काका, ती सोनेरी प्लास्टिकची कार्डं नकली असतात. पण पोराला खेळू द्या, दहा रुपयांत काय जातंय. फक्त 'हे पुढे लाखाला जाईल' असं कोणी पोराच्या डोक्यात घातलं तर ते काढून टाका. पुढे त्याला खरोखर खेळ शिकायचा असला तर ६० कार्डांचा तयार डेक मिळतो. त्यात गणित, डावपेच सगळं आहे, आणि त्याला लिलाव लागत नाही.

मना_आंडोर | ८.२१

बरं से भाऊ. तुना भला हो.

जळगावची_लेक | ११.३०

मुंबईत क्लिअरिंग एजंटकडे काम करते, म्हणून कस्टमचं मी बोलते.

ड्युटी नुसत्या कार्डाच्या किमतीवर लागत नाही. कार्ड, पोस्टेज आणि विमा या बेरजेवर लागते. मग त्यात ड्युटी मिळवून जी रक्कम होते तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. दर किती, हे कस्टमचा अधिकारी पार्सल कोणत्या शीर्षाखाली धरतो त्यावर आहे, आणि बजेटमध्ये दर बदलत राहतात. म्हणून कस्टम खात्याच्या, म्हणजे सीबीआयसीच्या साइटवर त्या दिवशीचा दर पाहावा. मी स्वतः हिशेब करताना सगळं मिळून चाळीस टक्के धरते. कमी लागलं तर आनंद.

पोस्टाने आलं तर पार्सल फॉरेन पोस्टात थांबतं, तिथे ड्युटी ठरते, आणि पोस्टमन दारात पैसे घेऊन पार्सल देतो. कुरियर असेल तर आधी केवायसी मागतील, ड्युटी ते भरतील, मग तुमच्याकडून वसूल करतील आणि वर स्वतःचा हाताळणी आकार लावतील. स्वस्त कार्डाला तो आकारच जड जातो.

आता महत्त्वाचं. विक्रेता म्हणेल, 'गिफ्ट लिहून पाठवतो, किंमत १० डॉलर टाकतो.' नको म्हणा. डिसेंबर २०१९ पासून भारतात पोस्टाने किंवा कुरियरने ड्युटी न भरता 'भेट' म्हणून वस्तू मागवणं बंद आहे. सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. चारिझार्ड यांपैकी एकही नाही. शिवाय १० डॉलर लिहिलेलं पार्सल हरवलं तर भरपाई पण १० डॉलरचीच.

@भुसावळ_जंक्शन भाऊ, तुमचं गणित मांडते. कार्ड १०० डॉलर, पोस्टेज २५, झाले १२५. बँकेचा परकीय चलनाचा आकार साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के, पाच डॉलर. ड्युटी-आयजीएसटी चाळीस टक्क्यांनी ५० डॉलर. १०० चं कार्ड घरी १८० ला. आधी घरपोच किती परवडतं ते ठरवा आणि उलटं मोजत बोलीपर्यंत या. लोक बोली ठरवतात, मग पोस्टमन आला की घाम पुसतात.

भुसावळ_जंक्शन | १२.१०

ताई, हे सोन्यासारखं काम केलंत. मी घरपोच २५० डॉलर धरले होते. उलटं मोजलं तर बोली १४८ च्या आसपास येते आणि लिलाव आत्ताच १४२ वर आहे! म्हणजे मी जवळपास बाहेरच.

फोटो मागवले, आले. चौकटीला सावली आहे. सालं ९५, ९६, ९८. शिक्का नाही. पाठीला वरच्या कडेला पांढरं झालंय, डावा खालचा कोपरा दबलाय. कडेच्या फोटोत गडद रेघ दिसते.

सराफकट्टा | १२.३५

मग कार्ड अनलिमिटेड आणि खरं वाटतंय. होलोवर, म्हणजे चित्राच्या चकाकत्या भागावर, ओरखडे आहेत का, ते तिरक्या उजेडातल्या फोटोतच कळतं. समोरून काढलेला फोटो होलोला नेहमी गोरं करतो.

केळीपट्टा | दुपारी २.४५

रावेरचा आहे, बाजार समितीतला माणूस. मी कार्डं घेत नाही, पण लिलाव रोज पाहतो. आमच्याकडे बोलणारा व्यापारी समोर उभा असतो. त्याचं तोंड दिसतं, कोण कोणाच्या बाजूने भाव चढवतोय हे आख्ख्या ओट्याला कळतं. इथे तारे लावून लपवलेली नावं. विक्रेत्याचाच भाऊ बोली वाढवत असला तर समजणार कसं?

अमळनेरकर_मास्तर | ३.२०

@केळीपट्टा, रोग तोच आहे. पुराव्यासकट सांगतो.

जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड म्हणजे बेसबॉल खेळाडू होनस वॅग्नरचं टी२०६ मालिकेतलं, १९०९ ते ११ च्या काळात सिगारेटच्या पाकिटात यायचं. त्यातलं एक १९९१ मध्ये सदबीज लिलावघरात ४ लाख ५१ हजार डॉलरला गेलं, घेणाऱ्यांत हॉकीपटू वेन ग्रेट्झकी होता. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने (कार्ड तपासून दर्जाचा आकडा देणाऱ्या) पहिलं प्रमाणपत्र दिलं ते याच कार्डाला. पुढे बिल मास्ट्रो या बड्या लिलाववाल्यावर खटला झाला. त्याच्या लिलावघरात खोट्या बोली लावून भाव चढवले जात होते. २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या वॅग्नर कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या हेही मान्य केलं. २०१५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र असलेल्या कार्डाची ही कथा!

ईबेवर पडदा थोडा उघडतो. बोलींच्या संख्येवर टिचकी मारा, इतिहास येतो. तिथल्या एखाद्या नावावर टिचकी मारली की त्याचा तीस दिवसांचा सारांश दिसतो: किती लिलावांत बोली लावली, किती बोली मागे घेतल्या, आणि त्यातल्या किती टक्के याच विक्रेत्याकडे. नावापुढे कंसात अभिप्रायांचा आकडा असतो.

भुसावळ_जंक्शन | ४.०५

पाहिलं. दोन बोलीवाल्यांचे अभिप्राय शून्य, आणि दोघांच्याही ९१ टक्के बोली याच विक्रेत्याकडे. १२० च्या पुढे दर थोड्या वेळाने तेच दोघे एकमेकांवर चढतायत. दोन बोली मागे घेतल्यात.

केळीपट्टा | ४.११

भाऊ, हे विक्रेत्याच्या घरचेच.

जळगावची_लेक | ४.३०

असेलही, नसेलही. एखादा नवखा एकाच दुकानावर लट्टू होतो, त्याचीही टक्केवारी अशीच दिसते. पण शून्य अभिप्राय आणि मागे घेतलेल्या बोली एकत्र आल्या की मी तरी निघून जाते.

गोलाणीगल्ली | ५.००

दुसरा रस्ता सांगू? ग्रेड झालेलं, स्लॅबमधलं (सीलबंद कडक प्लास्टिकच्या पेटीतलं) कमी ग्रेडचं कार्ड पाहा. ग्रेड ४-५ चं पण नेटकं दिसतं. स्लॅबवरचा नंबर पीएसएच्या साइटवर टाकून पाहता येतो. फक्त खरा नंबर उचलून बनावट स्लॅब बनवणारेही आहेत. म्हणून साइटवर फोटो असेल तर ओरखडा-ओरखडा जुळवायचा.

आणि सीलबंद डब्याच्या नादी लागू नका. २०२१ च्या अखेरीस लोगन पॉल या यूट्यूबरने फर्स्ट एडिशन बेस सेटचा म्हणून सीलबंद डबा ३५ लाख डॉलरला घेतला. जानेवारी २०२२ मध्ये उघडला तर आत जी. आय. जो या दुसऱ्याच खेळण्यांच्या मालिकेची कार्डं. डबा तज्ज्ञांनी तपासलेला होता.

पाचकंदील | ५.०७

३५ लाख डॉलरची जी. आय. जो. 😂 मी आमच्याकडची डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं काढतो आता. अंडरटेकर आहे. रँक, वजन, छाती, बायसेप्स, सगळं छापलंय. कितीला जाईल?

सराफकट्टा | ५.१५

भाऊ, त्याला जीवच किंमत. शाळेच्या बाकावर छातीच्या मापाने जिंकलेलं कार्ड विकू नये.

पाचकंदील | ५.१८

विकत नाहीच. विचारून पाहिलं.

भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री १०.१५

ठरलं. झोपायच्या आधी एकदाच १४८ डॉलर ३७ सेंट टाकतो, आणि सकाळी ड्युटीवर जाताना पाहतो. ३७ सेंट मास्तरांच्या नावाने.

अमळनेरकर_मास्तर | १०.२०

३७ सेंटची कल्पना माझी नाही, पण चांगली आहे. गोल आकडा टाकणारे पुष्कळ असतात, १४८ वर अडकलेला माणूस ३७ सेंटने मागे पडतो.

भुसावळ_जंक्शन | सोमवार, सकाळी ८.०५

गेलं. २११ ला. मी कुठल्या कुठे.

केळीपट्टा | ८.३०

शेवटी कोणी घेतलं ते पाहिलं का?

भुसावळ_जंक्शन | ८.४०

त्या दोन शून्य अभिप्रायवाल्यांतलाच एक.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, संध्याकाळी ६.५५

आता गंमत ऐका. विक्रेत्याकडून 'सेकंड चान्स ऑफर' आलीय. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत म्हणे, तुम्ही १४८.३७ ला घ्या. माझ्या हिशेबात बसतंय. घेऊ का?

जळगावची_लेक | ७.१५

आधी एवढं पाहा, ऑफर ईबेच्या आत, तुमच्या खात्यातल्या मेसेजमध्ये आली आहे की नुसत्या ईमेलवर? ईमेलमधल्या लिंकवर पैसे भरायचे नाहीत. या नावाने फसवणुकीचे मेल येतात.

खात्यातच आली असेल तर ऑफर अस्सल आहे. हरलेल्या बोलीवाल्याला त्याच्याच कमाल आकड्याने ऑफर देता येते, तसा नियमच आहे. पण विचार करा, ते शून्यवाले बाजूला काढले तर हे कार्ड तुम्हाला कितीला पडलं असतं?

अमळनेरकर_मास्तर | ७.२८

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. खोट्या बोलीचा हेतू दर वेळी जिंकण्याचा नसतो. तुमची गुपित मर्यादा उघडी करण्याचा असतो. १४८.३७ हा तुमचा आतला आकडा होता, आता तो विक्रेत्याच्या हातात आहे. इतिहासात शून्यवाल्यांच्या बोली वगळून पुढचा खरा माणूस कितीवर थांबला ते पाहा.

भुसावळ_जंक्शन | ७.५०

पाहिलं. माझ्यानंतरचा खरा माणूस १२१ वर थांबलाय. म्हणजे हे दोघे नसते तर १२३.५० ला मिळालं असतं.

गोलाणीगल्ली | ७.५२

मग उत्तर तुझ्याच हातात आलं की भो.

पाचकंदील | ८.००

मी असतो तर घेतलं असतं. २५ डॉलरसाठी काय रुसायचं, कार्ड खरं आहे ना?

सराफकट्टा | ८.२०

@पाचकंदील, खरं आहे असं मी फोटोवरून म्हटलंय. जो लिलावात हात मारतो तो पाकिटातही मारू शकतो. मी तर ईबेकडे तक्रार करून मोकळा झालो असतो.

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री ९.३०

नाकारली ऑफर, तक्रार पण केली. आता जपानी कार्डाकडे वळलोय. याहू ऑक्शनवर तेच चित्र, तोच चित्रकार अरिता साहेबांचा चारिझार्ड, इंग्रजीपेक्षा बराच कमी भाव. प्रॉक्सीवाल्यामार्फत घ्यावं लागेल असं कळलं. कोणाला अनुभव?

गोलाणीगल्ली | ९.५०

मी तिथूनच घेतो. प्रॉक्सी सेवा तुमच्या नावाने बोली लावते, माल तिच्या जपानमधल्या गोदामात येतो, मग पुढे भारतात. तिची फी, जपानमधलं टपाल, बाहेरचं टपाल, तिन्ही धरा, आणि वर ताईंचे चाळीस टक्के. दोन-तीन कार्डं एकाच पार्सलात मागवली तरच परवडतं. एक फरक लक्षात ठेवा: शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली तर तिथे बहुतेक लिलावांना पाच मिनिटं वाढतात, त्यामुळे शेवटच्या सेकंदाच्या उड्या चालत नाहीत. मास्तरांचा एकच आकडा टाकायचा सल्ला तिथे आणखी लागू पडतो.

जपानी विक्रेते दोष लिहिताना हात आखडत नाहीत, ही मला त्यांची आवडलेली गोष्ट. केसाएवढा ओरखडा असला तरी तो लिहितात.

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, दुपारी १.१०

एक पाहून ठेवलंय, पण शंका आहे. पाठ वेगळीच दिसते. आपली निळी, लाल-पांढऱ्या चेंडूची पाठ नाहीये. आणि ४/१०२ पण कुठे नाही. नकली तर नाही ना?

सराफकट्टा | १.४०

नाही. जपानमध्ये हा खेळ ऑक्टोबर १९९६ मध्ये आला, आणि सुरुवातीच्या जपानी कार्डांची पाठ वेगळीच होती, त्यावर 'पॉकेट मॉन्स्टर्स' असं नाव असायचं. त्या बेस सेटला १०२ सारखे सेटचे नंबर नव्हते, पोकेडेक्सचा, म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या यादीतला क्रमांक असायचा. चारिझार्डचा ००६. तोच शोधा. उलट १९९६ च्या जपानी कार्डावर तुम्हाला इंग्रजी कार्डाची पाठ दिसली तर मात्र पळा.

उजव्या कोपऱ्यात दुर्मीळतेची खूण, चांदणी, आहे का पाहा. ती नसेल आणि कार्ड खरं असेल तर ते अगदी पहिल्या छपाईचं, त्याचा भाव वेगळाच. कोणी अशा कार्डाला साध्याचा भाव लावला असेल तर तो फार भोळा किंवा फार हुशार.

भुसावळ_जंक्शन | १.५५

चांदणी आहे. साधंच आहे मग. बोली लावतो.

जळगावची_लेक | २.२०

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरू करून, मध्ये न थांबवता. वाद झाला तर तेवढंच कामाला येतं. आणि कार्ड घरी आल्यावर आधी मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. उघडं टॉपलोडरमध्ये सरकवू नका, कडा घासतात.

सराफकट्टा | २.३५

आणि आपल्या उन्हाळ्याचं लक्षात ठेवा. गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट मे महिन्यात तापून भट्टी होतं. होलो कार्डाला एका बाजूला फॉइल, दुसऱ्या बाजूला कागद. कागद हवेतली ओल घेतो, सोडतो, फॉइल जागची हलत नाही, आणि कार्ड कमान टाकतं. तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात, हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडी पावसाळ्यात बदलायची. डबा कूलरसमोर ठेवायचा नाही, आपल्याकडे लोक नेमकं तेच करतात.